एक चमचा खरवस

तुर्कू, ९ मार्च १९९५

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि एस्कोकडे निरोप दिला की तो निम्मा गाळतो, म्हणून हे पत्र. आम्ही दोघी घरी आलो. बाळाचं वजन चांगलं आहे, आवाज त्याहून चांगला आहे. नाव वेन्ला ठरलंय. बारशापर्यंत बाहेर फुटायला नको, यार्क्कोच्या आईलासुद्धा सांगितलेलं नाही. तेव्हा मला आधी कळलं म्हणून तिच्यासमोर मिरवू नकोस, काय?

आता एक जरा गंभीर. इथे बाळ जन्मलं की नाळेतलं रक्त तपासतात. वेन्लाच्या रक्तात साखरेच्या आजाराची जनुकं निघाली. होईलच असं नाही, पण इतर मुलांपेक्षा भीती जास्त. आपल्या देशात हा आजार जगात सर्वांत जास्त मुलांना होतो आणि का होतो ते कुणालाच ठाऊक नाही, असं मारित नावाची नर्स सांगत होती. डॉक्टरांना गाईच्या दुधाचा संशय आहे. तान्हेपणी ते पोटात गेलं की काही मुलांचं शरीर बिथरतं आणि स्वतःच्याच स्वादुपिंडावर उठतं, असं त्यांना वाटतं. खरंखोटं ठरवायला एक मोठी चाचणी चालू आहे. आम्ही वेन्लाचं नाव घातलं.

माझं दूध पुरत नाही, म्हणून वरचं दूध त्यांच्या डब्यातलं. डबे दोन प्रकारचे. एकात नेहमीची गाईच्या दुधाची भुकटी, दुसऱ्यात त्याच दुधातली प्रथिनं इतकी बारीक तोडलेली की शरीराला ओळखूच येऊ नयेत. कुणाला कुठला डबा मिळाला ते ना आम्हाला ठाऊक, ना मारितला, ना डॉक्टरांना. डब्यावर फक्त आकडा. पण आई, आमच्या डब्याला असा कुबट वास येतो की यार्क्को बाटली भरताना नाक धरतो. गाईचं दूध नासलं तरी असं कधी नाकात जात नाही. म्हणजे आम्हाला तो दुसरा, खरा डबा मिळालाय, मला खात्रीच आहे.

नियम एकच. आठ महिन्यांची होईपर्यंत गाईचं काही म्हणजे काही नाही. दूध, दही, लोणी, चीज, गोमांसही नाही. हे वाचून तुझं तोंड कसं झालं असेल ते मला इथून दिसतंय. पण तू ऐकशील ना?

तुझी,
विर्पी

*

निवला, २१ मार्च १९९५

चि. विर्पी हिस,
आईचे अनेक आशीर्वाद, बाळास गोड पापा.

तुझं पत्र गोठ्यात वाचलं, पण मनातल्या मनात. गाईंना कळलं असतं तर संध्याकाळी दूध आखडलं असतं. तुझे वडील असते तर त्यांनी टोपी काढून टेबलावर आपटली असती आणि मग दोन दिवसांनी, डॉक्टर म्हणतात त्यात काही तरी असेल, असं म्हणत परत घातली असती. मी मधले दोन दिवस गाळते. तुमचं मूल, तुमचे नियम.

तू आणि एस्को याच दुधावर वाढलात, एवढं मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही. एस्को तर इतका वाढला की अजून दारात कपाळमोक्ष होतो. पण तो आजार मी पाहिलाय गं. लढाईच्या दिवसांत आमच्या वर्गात ओत्सो म्हणून मुलगा होता. पाणी पाणी करत झिजला, औषध पोचलंच नाही. त्याची आई नंतर कधी कुणाच्या बारशाला गेली नाही. तेव्हा ते लोक शोधतायत ते चांगलंच करतायत, त्यांना शोधू दे.

उन्हाळ्यात या. ओमेना गाभण आहे, तिची पहिलीच खेप. तुझ्या पोरीच्या तोंडाला माझ्या हातचं काही लागणार नाही, हा शब्द. यार्क्कोला सांग, नाक धरायची सवय सोडू नकोस, आमच्या गोठ्यात उपयोगी पडेल.

बाळासकट सगळ्यांवर लोभ आहेच, मागावा लागत नाही.
आई

*

तुर्कू, १४ ऑगस्ट १९९५

ती. आईस,
न. वि. वि.

निघताना मी तुझ्याशी बोलले नाही. आता चार दिवस होऊन गेले, तेव्हा लिहूनच टाकते.

आम्ही दोघं साउनाच्या वाफेत बसलो होतो. अर्धा तास बाळ सांभाळ म्हणून तुझ्या मांडीवर दिलं. ओल्या केसांनी स्वयंपाकघरात आले तर तू तिला चमच्याने खरवस भरवतेस! आणि वर मलाच सांगतेस की पहिलटकरणीचा खरवस घरातल्या सगळ्यांत धाकट्याने आधी चाखायचा असतो, नाहीतर गाय दुधाला टिकत नाही, तुझ्या सासूने एस्कोला चाटवला होता, मला चाटवला होता. आई, तू शब्द दिला होतास. मी ओरडले त्याचं मला वाईट वाटत नाही. एका गाईच्या दुधासाठी तू माझ्या पोरीला पणाला लावलंस.

चाचणीचा नियम म्हणून मी मारितला सगळं सांगितलं. माझ्या आईने हे केलं, हे परक्या बाईला सांगताना मला धरणी दुभंगावी असं झालं. तिने किती दिला, केव्हा दिला ते विचारून लिहून घेतलं आणि म्हणाली, होतं असं, आजी लोक सगळीकडे सारखेच, तुम्ही आपलं पुढे चालू ठेवा. माझी समजूत घालत होती. मला मुळीच पटलं नाही. इतके महिने तो घाणेरडा वास सोसून जे राखलं ते तू एका संध्याकाळी घालवलंस.

आठ महिने पुरे होईपर्यंत आम्ही येणार नाही. त्यानंतरही ती तुझ्याजवळ एकटी राहणार नाही.

विर्पी

*

निवला, २२ ऑगस्ट १९९५

चि. विर्पीस,
अनेक आशीर्वाद.

चुकलं माझं. शब्द दिला होता आणि मोडला. ओमेनाची पहिली खेप अडली होती, मी आणि एस्को पहाटेपासून तिच्यापाशी होतो. वासरू जिवंत निघालं आणि मला इतका आनंद झाला की भट्टीतून खरवस काढताना डॉक्टर, डबा, आकडा सगळं डोक्यातून गेलं. मांडीवर पोर होती, हातात चमचा होता. एवढंच झालं. चमचाही कॉफीचा होता, तोही पुरता भरलेला नव्हता. हे स्वतःला सोडवायला लिहीत नाही, तुला बरं वाटावं म्हणून लिहिते.

तिने ओठ चाटले आणि हसली. हे तुला आवडणार नाही, पण मला कुणाला तरी सांगायचं होतं.

तू म्हणशील तसं. स्टेशनवर येऊन लांबूनच बघ म्हणालीस तरी चालेल. पण तोडू नकोस.

राग उतरला की पूर्वीसारखा लोभ कर,
आई

*

तुर्कू, १८ नोव्हेंबर १९९९

आई,

वेन्लाला मधुमेह झालाय.

दोन वर्षांची होती तेव्हाच तिच्या रक्तात पहिल्या खुणा दिसल्या होत्या. तुला सांगितलं नव्हतं. नाताळात, उन्हाळ्यात आम्ही दोन-दोन दिवस येऊन जात होतो तेव्हाही मला ते ठाऊक होतं. तू तिच्यासाठी मोजे विणत होतीस आणि मी तुझ्या हातांकडे बघत होते. गेल्या महिन्यात ती आंघोळीचं पाणी ओंजळीने प्यायला लागली. गादी ओली व्हायला लागली. गालाची हाडं वर आली. तुझा तो वर्गातला मुलगा मला रोज आठवत होता, त्याबद्दल तुझे आभार.

आता प्रत्येक जेवणाआधी सुई. बोटातून रक्त काढायची वेगळी. सुई दिसली की ती टेबलाखाली शिरते. यार्क्को तिला ओढून धरतो आणि मी टोचते. काल तिने मला विचारलं की मी काय केलं म्हणून मला टोचता. मी काय उत्तर द्यावं ते तूच सांग. तू काही केलं नाहीस, तुझ्या आजीने केलं, असं सांगू?

मारित म्हणते, एका चमच्याने असं होत नाही, आणि कशाने होतं ते अजून कुणालाच सांगता येत नाही. तिला असं बोलावंच लागतं, तिचं कामच ते. मला सांगता येतं. वेन्लाच्या शरीराला त्या दुधाची ओळख कुणी करून दिली ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आम्हाला चांगला डबा मिळाला होता. वाचली असती ती.

या नाताळला आम्ही येत नाही. पुढच्याही नाही. मोजे पाठवू नकोस.

विर्पी

*

निवला, ५ मार्च २०००

विर्पी,
न. वि. वि.

मला पत्रं लिहिता येत नाहीत, ट्रॅक्टर चालवता येतो. पण तू फोन उचलत नाहीस, तेव्हा सोस माझं अक्षर.

आईने गाई विकल्या. सगळ्या. हापावेसीचा एक माणूस गाडी घेऊन आला आणि घेऊन गेला. मी आडवा आलो, म्हटलं आई, मी बघतो गोठा, तू नुसती बस. ती म्हणाली, गाई माझ्या आहेत आणि मला त्या डोळ्यांसमोर नकोत. ओमेना गाडीत चढेना, तेव्हा आईनेच तिला मागून ढकललं. नंतर दिवसभर जेवली नाही.

आणखी सांगतो. माझी धाकटी साना आता दीड वर्षाची आहे. परवा ती आजीच्या ताटातल्या बटाट्याला हात घालायला गेली तर आईने ताट उचलून ओट्यावर नेऊन ठेवलं आणि हात एप्रनखाली लपवले. माझ्या बायकोला म्हणते, पोरींना तूच भरव, माझ्याकडे देऊ नकोस. आम्हाला वाटलं, वय झालं, भ्रम झाला असेल. मग लक्षात आलं की हे सगळं नोव्हेंबरात तुझं पत्र आल्यापासून आहे. काय लिहिलं होतंस गं? मी विचारलं तर तिने पत्र चुलीत घातलं आणि म्हणाली, विर्पीने काही चूक लिहिलेलं नाही.

तुझ्या पोरीचं ऐकून मला फार वाईट वाटलं. मी एकटाच लाकडं फोडायला गेलो आणि पुष्कळ फोडली. पण तुझी पोर आजारी आहे म्हणून माझ्या आईला मारायचा परवाना तुला कुणी दिला? एक ओळ लिही तिला. हवं तर खोटी लिही.

एस्को

*

तुर्कू, १३ मार्च २०००

एस्को,

तुझ्या दोन्ही पोरी धडधाकट आहेत. मध्येच साखर उतरली की पोर कशी घामाने भिजते आणि आपल्याच आईला ओळखत नाही, हे तू पाहिलेलं नाहीस. मी रोज पाहते. तेव्हा मला दया शिकवू नकोस.

गाई विकायला मी सांगितलं नव्हतं. खोटी ओळ लिहायला मला येत नाही. चाचणी अजून चालू आहे, सगळी मुलं मोठी झाली की निकाल लागेल. त्या डब्याने किती मुलं वाचली ते तेव्हा साऱ्या जगाला कळेल, आणि माझी का वाचली नाही ते तुलाही कळेल. तोवर मला लिहू नकोस.

विर्पी

*

तुर्कू, २६ नोव्हेंबर २००६

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

किती वर्षांनी तुला ही अक्षरं लिहितेय. नाताळच्या कार्डांवर नुसती सही करत होते, ती वेगळी. हे पत्र मी तीनदा फाडलं. आता जसं येईल तसं जाऊ दे.

गेल्या मंगळवारी निकाल लागला. इस्पितळाच्या मोठ्या दालनात सगळ्या आईबापांना बोलावलं होतं. कॉफी होती, वेलदोड्याचे पाव होते, मुलांना अंधारात चमकणारे बिल्ले वाटले. वेन्ला आता अकरा वर्षांची आहे, तिने तो घेतला आणि खिशात टाकला. मुख्य डॉक्टर आता पार म्हातारे झालेत. त्यांनी उभं राहून, कागद न बघता सांगितलं की दोन्ही डब्यांत काही फरक निघाला नाही. ज्यांनी साधं दूध प्यायलं त्यांच्यातली जितकी मुलं आजारी पडली तितकीच दुसऱ्या डब्यावाल्यांतली पडली. गाईच्या दुधावरचा आमचा संशय आम्हाला सिद्ध करता आला नाही, म्हणाले. तुम्ही इतकी वर्षं आम्हाला तुमची मुलं दिलीत, त्याबद्दल तुमच्यापुढे मान लववतो, म्हणाले आणि खरंच लववली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माझ्या मागे एक बाप मोठ्याने म्हणाला, मग आता आम्ही कुणाला धरायचं?

मग एकेका कुटुंबाला आत बोलावून त्यांचा डबा कुठला होता ते सांगितलं. मारितच होती. ती पण आता चष्मा लावते. तिने सांगितलं की आमचा डबा साध्या दुधाचा होता.

मी म्हटलं, पुन्हा बघा. वास येत होता, माझ्या नवऱ्याला विचारा. ती म्हणाली, वासावरून कुणाला ओळखता येऊ नये म्हणून साध्या डब्यातही ती दुसरी भुकटी थोडी मिसळलेली होती, सगळ्यांच्याच डब्याला वास होता. मी तरी म्हटलं, पुन्हा बघा. तिने पुन्हा बघितलं.

आई, मी वेन्लाला जन्मल्यापासून रोज गाईचं दूध पाजत होते. बाटल्या उकळून, हात धुऊन, माझ्या हाताने. तू तो चमचा दिलास तेव्हा तिच्या पोटात माझ्याच बाटलीतलं तेच दूध होतं. आणि तसं नसतं तरी काही बिघडलं नसतं, कारण दुधाने काही होतच नव्हतं. घरी येताना यार्क्को गाडीत एवढंच म्हणाला की तुझ्या आईला लिही. मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायला लावली.

तू निर्दोष आहेस. हे मला तुला लिहून द्यायचं होतं. मी जे लिहिलं, जे बोलले, ते सगळं चुकीचं होतं. मला क्षमा कर. वेन्लाला मी सगळं सांगितलंय. ती म्हणाली की मग आपण आजीकडे का जात नव्हतो. या नाताळला आम्ही तिघं येतो. सगळं पूर्वीसारखं होऊ दे, आई. मला तू हवी आहेस.

पूर्वीसारखाच लोभ कर, मागायचा हक्क नाही तरी मागते,
तुझी,
विर्पी

*

निवला, ६ डिसेंबर २००६

चि. विर्पीस,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. एस्कोने वाचायला मागितलं, मी दिलं नाही. आधीचंही दिलं नव्हतं. तुमची भावंडांची भांडणं तुम्ही मिटवा.

पोरीला सुई आता स्वतः टोचता येते का ते तू लिहिलं नाहीस. साखर उतरली तर काय करायचं, काय द्यायचं, ते सगळं खुलाशाने लिहून पाठव. साना म्हणते ती इंटरनेटवर बघून देईल, पण मला तुझ्याकडून हवंय.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. आम्हाला ठाऊक नाही म्हणाले, इतकी वर्षं शोधलं, आणि शेवटी पुन्हा उभं राहून अजून ठाऊक नाही म्हणाले. त्याला छाती लागते. ती नर्सही बिचारी पहिल्यापासून तुला हेच सांगत होती. ठाऊक होतं ते फक्त तुला.

तू लिहितेस मी निर्दोष आहे. ते मी दहादा वाचलं. मला आनंद होईल असं वाटलं होतं, झाला नाही, आणि का झाला नाही ते कळायला मला आठवडा लागला. समज, त्या म्हाताऱ्याने उभं राहून सांगितलं असतं की दुसरा डबा मुलांना वाचवतो. आणि तुझा डबा तोच निघाला असता. तर हे पत्र आलं नसतं. मी मेल्याचंही तुला एस्कोकडून कळलं असतं. मी मात्र तीच बाई असते, चमचा तोच, पोरीवरची माया तीच. विर्पी, तू मला क्षमा केलेलीच नाहीस. डब्यामुळे मी सुटले. एखादीच्या हातून खरंच चूक झाली असती तर तिचं तू काय केलं असतंस, ते मला आता माहीत आहे. आणि तेच मला विसरता येत नाही.

सात वर्षं मी मानलं की त्या पोरीला मी आजारी पाडलं. तू सांगितलंस म्हणून मानलं. तू शिकलेली, माझी मुलगी, तुला कळत असेल असं वाटलं. चर्चमध्ये सगळे प्रभुभोजनाचा पाव घ्यायला पुढे जायचे, मी बाकावर बसून राहायचे. पाद्री विचारायला घरी आले तर मी गुडघे दुखतात म्हणाले. एस्कोच्या पोरी माझ्यासमोर वाढल्या, पण त्यानंतर एकीलाही मी मांडीवर घेऊन भरवलं नाही. आता त्या मोठ्या झाल्या. त्यांना वाटतं आजी जरा तुटकच आहे. हे तू परत कुठून आणणार? तू एका ओळीत लिहितेस, पूर्वीसारखं होऊ दे. मला पंचाहत्तर उलटलीत गं.

नाताळला तू येऊ नकोस. वेन्लाला पाठव. एस्को ताम्पेरे स्टेशनपर्यंत येऊन तिला गाडीतून उतरवून घेईल. यार्क्कोला यायचं असेल तर तोही येऊ दे, त्याने माझं काही वाईट केलं नाही. तू नंतर ये, कधी ते मी कळवीन. सूड म्हणून लिहीत नाही. तू दारात उभी राहिलीस तर मी तुला जवळ घेईन, मला माझी खात्री आहे, आणि तसं मला इतक्यात करायचं नाही.

लोभ आहे. इतकं होऊनही तो जात नाही, त्याचाच त्रास आहे.

आई